लाकडाच्या स्टोव्हमध्ये निखाऱ्यांचा ढीग साचतो, नवं लाकूड टाकायला जागा उरत नाही आणि खोली मात्र गार पडत जाते. काय करावं?

आधी एक सांगतो, निखारे उपसून बाहेर टाकू नका. पहिल्या हिवाळ्यात मी तेच करत होतो. लाकूड फोडायचं, वाळवायचं, घरात वाहून आणायचं आणि त्यातली निम्मी ऊब बादलीत भरून दाराबाहेर नेऊन ठेवायची!

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात. मोठ्या ज्वाळा दिसतात त्या त्यांच्या. ते संपले की कोळसा उरतो आणि तो जिथे हवा लागते तिथेच, वरवर, सावकाश जळतो. ज्वाळा बसल्या की आपल्याला वाटतं आता धग संपली, म्हणून आपण घाईने नवे ओंडके रचतो. खालचे निखारे राखेत दबतात, त्यांना हवा मिळत नाही आणि दर खेपेला थर चढत जातो. जड, घट्ट लाकूड असेल तर आणखी लवकर.

मी आता काय करतो ते सांगतो. हवेची झडप पूर्ण उघडतो. लोखंडी आकडीने निखारे उकरून, राख खाली झाडून, हवा जिथून आत येते तिकडे ओढून घेतो. माझ्या स्टोव्हमध्ये ती दाराजवळून येते. तुमच्यात खाली जाळी असेल तर नुसतं हलवून राख पाडली तरी पुष्कळ फरक पडेल. मग ढिगावर हलक्या लाकडाच्या एक-दोन बारीक, कोरड्या चिरफळ्या टाकतो. त्यांची ज्वाळा खोली उबदार ठेवते, धुराड्याचा ओढा वाढवते आणि खालचे निखारे रसरसून जळतात. तासाभरात ढीग बराच बसतो. नाहीच बसला तर पुन्हा एक-दोन चिरफळ्या, पण जाड ओंडका नाही. रात्रीसाठी स्टोव्ह भरायचा असेल तर हे काम तास-दोन तास आधी सुरू करतो.

राखपेटीचं दार उघडं ठेवून भट्टी पेटवण्याचा मोह मात्र टाळा. जाळी वाकते, स्टोव्ह प्रमाणाबाहेर तापतो. आणि निखारे धूर करत नाहीत म्हणून झडप गच्च बंद करू नका. निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो.

राख काढताना तळाशी दोनेक सेंटीमीटर राहू द्या. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर, दगडावर किंवा फरशीवर. वरून गार दिसली तरी आत इंगळ कित्येक तास, कधी दोन-तीन दिवसही जिवंत राहतो.

एवढं करूनही रोजच ढीग साचत असेल तर लाकडातला ओलावा बघा, तो 20 टक्क्यांच्या आत हवा. लाकूड कोरडं असूनही तेच होत असेल, तर बहुधा स्टोव्ह त्या खोलीला लहान पडतोय.