बेरीज-वजाबाकीच्या पुढचं गणित रोजच्या निर्णयांत खरंच कामाला येतं का?

येतं. तुम्ही विचारलंय की टक्केवारी, सरासरी वगैरे परीक्षा संपल्यावर कुणी वापरतं का, तर वापरतात की, सगळेच वापरतात, आणि घोळ तिथेच होतो. भागाकार सगळ्यांना येतो हो, पण कशाला कशाने भागायचं हे थांबून बघतंय कोण? आणि हे मी कुणा ऐऱ्यागैऱ्याबद्दल बोलत नाहीये, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाबद्दल बोलतेय. शाळेत गणितात पैकीच्या पैकी घेणारा. मी काठावर पास होणारी. घरात अजून ऐकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरात दोन गाड्या होत्या. एक जुनी मोठी, लिटरला १० किलोमीटर देणारी, दुसरी लहान, २० देणारी. पळायच्या दोन्ही साधारण सारख्याच. पेट्रोलचा खर्च फार व्हायला लागला म्हणून एक बदलायची ठरली. मोठीच्या जागी घेतली तर १४ देणारी मिळत होती, लहानच्या जागी ३० देणारी. वरचे पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच. मी म्हटलं मोठी बदला. दादा म्हणाला, "अगं, १० चे १४ म्हणजे चारच वाढले, इकडे २० चे ३० होतायत, सरळ दहा वाढले." मी म्हटलं असं नसतं रे, तर लगेच टक्क्यांवर आला. ४० टक्के वाढ विरुद्ध ५० टक्के वाढ. बाबांनी मान डोलावली. टक्के ऐकले की आमच्याकडे चर्चा संपते.

आता कागद घ्या आणि दोन्ही गाड्या हजार-हजार किलोमीटर चालवा. मोठी आधी १०० लिटर पिते, १४ ची झाली की साधारण ७१. वाचले २९ च्या आसपास. लहान आधी ५० लिटर, ३० ची झाली की ३३ च्या थोडं वर. वाचले साधारण १७. झालं! घरातून बाहेर जातात ते पैसे लिटरचे जातात, अ‍ॅव्हरेजच्या आकड्याचे नाही. तरी पटत नसेल तर हे बघा, ती लहान गाडी उद्या नुसत्या हवेवर चालायला लागली तरी हजार किलोमीटरमागे ५० लिटरच वाचणार, कारण ती पितेच तेवढं. आणि मोठी फक्त १० वरून २० वर आली तरी वाचतात ५०च. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, ह्याच शब्दांत, तर उत्तर मिळालं की "तुझं गणित कधीपासून पक्कं झालं गं?"

अर्थातच लहान गाडी बदलली. आणि पेट्रोल कमी लागलं, लागणारच ना, तर दादा दर महिन्याला "बघ" म्हणतो. अरे पण दोन्ही गाड्यांचे मिळून १५० लिटरचे १३३ झाले, १२१ होऊ शकत होते त्याचं काय? न वाचलेलं पेट्रोल कुणाला दिसत नाही ही खरी अडचण आहे.

नंतर कळलं की ह्यात दादा एकटा नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल ह्या दोघांनी २००८ साली 'सायन्स' साप्ताहिकात नेमकं हेच मांडलं होतं, की अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावरून लोक बचतीचा अंदाज हमखास चुकवतात. युरोपात बहुतेक ठिकाणी मोजतातच उलटं, १०० किलोमीटरला किती लिटर, मग हा गोंधळ मुळात होत नाही. दादाला पाठवलं होतं. अंगठा आला फक्त.

बाकीची उदाहरणं पटापट सांगते. ५० टक्के सूट आणि वर आणखी २० टक्के म्हणजे ७० नाही, ६०, कारण दुसरी सूट उरलेल्या अर्ध्यावर मिळते. जाताना ३० च्या स्पीडने आणि येताना त्याच रस्त्याने ६० ने आलात तर सरासरी ४५ नाही, ४०. आणि कुणी ३ वर्षांच्या कर्जावर १० टक्के 'फ्लॅट' व्याज म्हटलं तर सावध व्हा, मुद्दल दर महिन्याला फिटत जातं पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलेलं असतं, त्यामुळे खरा दर १८ च्या जवळपास पडतो. हे एवढं कळलं तरी शाळेची फी वसूल.

हां, एक राहिलं, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी येईलच. लहान गाडी मोठीच्या पावणेदोन पट पळत असती तर दादाच बरोबर ठरला असता. आमच्याकडे तसं नव्हतं. आणि गाडी घेताना फक्त पेट्रोल बघतात असंही नाही, दुरुस्ती असते, जुनी विकून काय येतं ते असतं. पण दादाचा मुद्दा पेट्रोलचाच होता, दुसरं काही त्याने काढलंच नव्हतं.

कुठून सुरुवात करू असंही तुम्ही विचारलंय. सोपं आहे, ती वस्तू तुम्ही किती वापरणार ते आधी लिहा आणि मग दोन्ही पर्यायांचा एकूण खर्च काढा. टक्के नंतर. कुणी टक्के तोंडावर फेकले तर "कशाचे?" एवढंच विचारा, मोठा भाऊ असला तरी विचारा.

हल्ली त्याचं नवीन चालू झालंय, मोकळ्या रस्त्यावर ८० ऐवजी १०० ने हाणली की वेळ वाचतो म्हणे. ४० किलोमीटरला ८० ने ३० मिनिटं लागतात, १०० ने २४. सहा मिनिटांसाठी एवढी जोखीम? तेच ४० किलोमीटर गर्दीत २० ने रांगत गेलं की दोन तास आणि ४० ने गेलं की एक. फरक दोन्हीकडे वीसचाच. वहिनी रोज सांगते गर्दीच्या आधी निघ म्हणून, तर साहेब अंघोळीलाच जातात नऊ वाजता.