जनुक 'बदलणारं' औषध म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की नॅनोकणांत भरून जी एसआयआरएनएची, म्हणजे आरएनएच्या छोट्या तुकड्यांची, औषधं देतात त्यांना कुणी 'जनुक बदलणारी' म्हणतं, कुणी 'जनुक बंद करणारी', तर मराठीत नेमकं काय लिहायचं?

'बदलणारी' तर अजिबात नको. बदल म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं डीएनएतच काहीतरी फेरफार केला आणि मग पेशंट उगाच घाबरतो, पण इथे जनुकाला हातसुद्धा लागत नाही. जनुक ही मूळ प्रत धरा, तिच्यावरून पेशी एक नक्कल काढते, संदेशवाहक आरएनए, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. औषध फक्त नक्कल कापून टाकतं, मूळ प्रत जागच्या जागी.

'बंद करणारी' हे जवळ जातं पण तेही पुरतं बरोबर नाही. 2018 साली अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान घ्या, या जातीचं पहिलंच औषध, लिव्हरमध्ये बनणारं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन ते सुमारे 80 टक्क्यांनी कमी करतं, शून्य नाही करत, आणि असर ओसरत जातो म्हणून दर 3 आठवड्यांनी सलाइनमधून पुन्हा द्यावं लागतं. म्हणून मला 'जनुक-शमन' हा शब्द मनापासून आवडतो. तहान शमते, राग शमतो, पण शमलेलं पुन्हा उसळू शकतं, आणि इथे अगदी तसंच होतं.

मग 'जनुक-नियमन'? तो मोठा शब्द आहे, त्यात कमी करणं आलं तसं वाढवणंही आलं, त्यामुळे जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या सगळ्या औषधांच्या गटाला 'जनुक-नियामक औषधं' म्हणा आणि एसआयआरएनएबद्दल बोलताना शमन म्हणा. कोविडच्या एमआरएनए (म्हणजे संदेशवाहक आरएनए) लशींना मात्र यातलं काहीच लावू नका, कणाची जात तीच असली तरी आत नवा संदेश असतो, कुठल्या जनुकाचं नियमन नसतं.

आता 'वाहक'. नॅनोकणाला 'औषधवाहक' लिहितात, चूक नाही, पण त्याच वाक्यात 'संदेशवाहक आरएनए' आला की कोण काय वाहतंय तेच कळेना होतं. अशा ठिकाणी सरळ 'मेदाचा नॅनोकण' लिहावं, कारण तो खरंच मेदाचा असतो, साधारण 100 नॅनोमीटरचा, आणि त्याचं काम नुसतं वाहून नेण्याचं नाहीच. उघडा एसआयआरएनए रक्तातली एन्झाइम्स लगेच तोडतात, तर कण त्याला जपतो, पेशीने गिळून एका पिशवीत घेतल्यावर तिथल्या आम्लात कणाच्या मेदावर धनभार येतो, पिशवीचं आवरण फाटतं आणि माल बाहेर पडतो, तोही थोडासाच, बहुतेक सगळा त्या पिशवीतच अडकून राहतो. या बाहेर पडण्याला 'मुक्तता' लिहिलेलं वाचलंय, मी 'सुटका' लिहीन.

आणि 'अब्जांश कण' नको. अब्जांश हे माप झालं, 100 नॅनोमीटरच्या कणाला ते चिकटवलं की आकडाच चुकतो. नॅनोकण बरा, सगळ्यांना कळतो.