कपाटातल्या गोळ्या

"मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता शेवटच ना?" मॉर्फिन म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध; त्याबद्दल हे मला सारखं विचारलं जातं. आमच्या नागपुरी बोलीत तेच असं येतं, "मॅडम, आतापासूनच हे देलं तं मंग पुढं काय द्याचं?"

मे महिन्यात एक मुलगा आला होता. आईचा स्तनाचा कॅन्सर कमरेच्या आणि खुब्याच्या हाडांत उतरलेला. आडवं होताच येईना, म्हणून माउली रात्रभर कूलरसमोर खुर्चीत बसून डुलक्या घ्यायची. मुलानं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. दहांतल्या दोनच फोडलेल्या, त्याही अर्ध्या करून दिलेल्या. बाकीचा साठा कपाटात, कुलपात. "लय दुखलं तरच देतो. सवय लागन न!"

रागवावं कोणाला? या भीतीपायी शिकलेली घरंही हेच करतात. डॉक्टरांनी गोळी दर चार तासांनी लिहिली होती, दुखो न दुखो. कळ एकदा चढली की मग तेवढ्या गोळीला ती आवरत नाही. देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. शरीराला सवय होते खरी, म्हणून गोळी एकदम थांबवायची नाही, हळूहळू कमी करायची. आणि "पुढं काय?" तर मात्रा वाढवता येते, तिला ठरलेली कमाल मर्यादा नाही. पहिल्याच दिवसापासून पोट साफ राहण्याचं औषध मात्र सोबत हवंच. ते चुकलं, शौचाला अडलं की लोक मॉर्फिनच सोडून देतात.

खुब्याला 8 ग्रेचा एकच शेक ठरला होता. शेक म्हणजे रेडिएशन, ग्रे हे त्याच्या मात्रेचं माप. त्याचा आराम पडायला एक ते चार आठवडे लागतात, सुरुवातीचे दोन-चार दिवस दुखणं वाढूही शकतं. मधले दिवस गोळीवरच काढायचे असतात. निघताना एक गोष्ट मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली: पायातलं बळ गेलं, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मणक्यातली नस दबत असू शकते.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, खुद्द आईचाच. "डाव्या कुशीवर निजली बाप्पा मी! पण हा पोरगा मले रात्री दोन वाजता गोळीसाठी उठवते, त्याले सांगा काही."

तक्रार रास्त होती. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी झोपतानाची मात्रा वाढवून दिली. दोनचा गजर बंद झाला.