कोकण किनाऱ्यावरच्या सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतल्या) आरोग्य शिबिरांचा परिणाम कसा मोजावा?

‘इतके लोक तपासले’ हा परिणाम नव्हे, ती नुसती हजेरी. रक्तदाबाचंच घ्या: शिबिरात १४०/९० किंवा वर सापडलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण गोळ्या घेतायत आणि किती जणांचा दाब त्याखाली आलाय, ते मोजा. पाच मिनिटं बसवून दोनदा दाब घ्या. पहिली नोंद घाईघाईत घेतली, तर पुढचा आकडा आपोआप उतरतो आणि श्रेय कार्यक्रमाला जातं! म्हणून शिबिर न झालेलं शेजारचं गावही मोजा.

दोन्ही गावांत पाहणी एकाच हंगामात करा. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. खलाशी घरी, पण ताटात खारवलेली सुकी मासळी जास्त. एरवी सकाळी गेलात तर बोटी समुद्रात, बायका बाजारात, आणि यादीत फक्त म्हातारी माणसं.