उन्हाळ्याच्या तोंडावर बी पेरताना
आपण मार्चमध्ये गच्चीवर टोमॅटोचे बी पेरणार आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की ती रोपे फुलावर येतील तेव्हा पुण्यात मे महिना असेल, आणि दिवसाचे तापमान सतत ३५ अंशांपुढे राहिले की टोमॅटोची बरीचशी फुले फळ न धरताच गळतात. त्याऐवजी भेंडी आणि गवार लावावी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत बोटाचे अर्धे पेर खोल टोचावे. टोमॅटोची रोपे जूनमध्ये, पावसाचा मारा लागणार नाही अशा उजेडाच्या जागी करावीत.

रोपाची मान मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन ते आडवे पडले, तर ती बहुधा अतिओलाव्याने बळावणारी रोपमर (कोवळ्या रोपांचा बुरशीजन्य रोग) असते. मी ती तहान समजून पाणी घालत राहिलो आणि मिरचीचा संपूर्ण ट्रे गमावला, याची खंत आजही वाटते. वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच झारीने पाणी द्यावे.