टेस्टर ठेवून उत्पन्न काय, असं विचारणाऱ्या मालकाला काय सांगायचं?

तुमचा प्रश्न असा: बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी, टेस्टिंग डेव्हलपरच उरकतात आणि वेगळा टेस्टर ठेवूया म्हटलं की मालक विचारतात, "त्यातून उत्पन्न काय?"

मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्यांना, मशिन शॉपना आम्ही बिलिंग आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर देतो. आमच्याकडेही हाच सवाल व्हायचा.

आधी एक सांगते, नाइट कॅपिटलची गोष्ट ऐकवायला जाऊ नका. १ ऑगस्ट २०१२ ला सॉफ्टवेअरच्या गोंधळात त्या अमेरिकी कंपनीने ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर घालवले, हे खरं. मी ऐकवली होती. आमचे मालक म्हणाले, "आपल्याकडं घालवायला तेवढे आहेत काय ओ?"

त्यांना पटलं ते एका बिलावरून. उद्यमबागेतली फाउंड्री कास्टिंग ओतते, ऑर्डर कोल्हापूरच्या पार्टीची. पण माल कोल्हापूरला जात नाही, मशिनिंगसाठी चार शेड सोडून इथेच उतरतो. बिल कोल्हापूरच्या नावे, जीएसटी नंबर २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होणारा, डिलिव्हरी मात्र बेळगावात. सीमाभागात हे रोजचंच. पार्टीच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याकडे उतरवला, तर पुरवठ्याचं ठिकाण त्या पार्टीचं धरायचं. म्हणजे महाराष्ट्र, म्हणजे आयजीएसटी, दोन राज्यांतल्या विक्रीवरचा कर. आमचा कोड डिलिव्हरीचा पत्ता बघायचा आणि राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळा व्हायचा.

यातली मेख अशी की १८ टक्के काय नि ९ अधिक ९ काय, बेरीज तीच. रक्कम पैशापैशाला जुळायची. डेव्हलपरने बघितलं, क्लार्कने बघितलं, कुणालाच शंका आली नाही. कोल्हापूरच्या पार्टीच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या स्टेटमेंटमध्ये, ते क्रेडिट 'मिळणार नाही' या भागात जाऊन बसलं तेव्हा बिंग फुटलं. कर्नाटकचा एसजीएसटी महाराष्ट्रातल्या नोंदणीवर कसा मिळणार? पार्टीने पेमेंट अडवलं. शोधता शोधता अशी ४१ बिलं निघाली.

कोडमधली दुरुस्ती दोन ओळींची. पण दोन डेव्हलपर आठ दिवस फाउंड्रीच्या ऑफिसात क्रेडिट नोटा आणि नवी बिलं काढत बसले, त्या वर्षीची एएमसी (सॉफ्टवेअरच्या देखभालीची वार्षिक फी) सोडून द्यावी लागली आणि त्या फाउंड्रीच्या ओळखीने येणारी दोन गिऱ्हाइकं आलीच नाहीत. ती दोन कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत.

मालक फाउंड्रीत वाढलेले. मोल्ड बिघडलाय हे ओतण्याआधी कळलं तर वाळू मोडून परत वापरता येते. ओतल्यावर कळलं तर धातू पुन्हा भट्टीत आणि वीज गेली. मशिनिंगला ब्लो होल (कास्टिंगच्या आतली पोकळी) उघडं पडलं तर टूल आणि मशिनचे तासही गेले. गिऱ्हाइकाच्या दारात सापडलं तर डेबिट नोट, वर गाडीभाडं. हे त्यांना मी सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

इथे एक इशारा. डिलिव्हरीनंतर सापडलेली चूक शंभरपट महाग पडते, हे वाक्य सगळीकडे फेकलं जातं. बॅरी बोहम आणि व्हिक्टर बॅसिली या सॉफ्टवेअरच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये मोठ्या सिस्टिमसाठी शंभरपटीची गोष्ट मांडली खरी, पण लहान, फारशी जोखीम नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी हे प्रमाण पाचपटीच्या आसपास येतं असंही तिथेच म्हटलं होतं. तुम्ही पाचपटच सांगा. शंभर म्हणालात तर मालक पुढचं ऐकणार नाहीत.

मग करायचं काय? तीन महिने एक साधी शीट ठेवा. गिऱ्हाइकाच्या फोननंतर दुरुस्तीत गेलेला प्रत्येक तास त्यात लिहा, प्रवासासकट. आमच्या शीटमध्ये तीन महिन्यांत ३१ दिवस भरले, तेही सगळ्यात जास्त पगार असलेल्या दोघांचे. क्यूएचा, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याचा खर्च आम्ही आधीपासून करत होतोच, फक्त महागड्या माणसांकडून आणि गिऱ्हाइकासमोर. त्या कागदावर टेस्टरची जागा मंजूर झाली.

मंजूर झाली म्हणून सगळंच तपासत सुटू नका. रिपोर्टचा रंग, बटणाची जागा यावर आम्ही वेळ घालवत नाही. ऑटोमेशनही, म्हणजे स्क्रिप्ट लिहून आपोआप टेस्टिंग करणंही, लगेच नको. स्क्रीन दर महिन्याला बदलत असेल तर त्या स्क्रिप्ट सांभाळायलाच एक माणूस लागतो. कर, स्टॉक आणि वजन या तीन गोष्टी मात्र दर रिलीजला बघायच्याच.

आता रिलीजच्या आदल्या दिवशी आमची टेस्टर ठरलेली १४ बिलं काढते. त्यात 'बिल कोल्हापूर, माल उद्यमबाग' हे पहिलं. दीड तास लागतो. त्यातली निम्मी बिलं आमच्या अकाउंटंट बाईंनी सुचवलेली आहेत, ज्यांना जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा कशाशी खातात हेही माहीत नाही. तुमच्याकडे अशा कुणी असतील तर टेस्टर शोधण्याआधी एक दुपार त्यांच्याजवळ बसा.