बेल वाजल्यावर कढईत एकच पदार्थ

बाळा,

अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या जेवणाची तुझी यादी वाचली. माणसं बारा, घर दोन खोल्यांचं, शेगडी दोन बर्नरची, आणि पानात नुसत्या डाव्या बाजूलाच अकरा पदार्थ! खाली लिहिलं आहेस, "काकू, काय गाळू तेच सुचत नाही." मग मीच गाळते.

आधी हिशोब कर. तुझ्या यादीत पाच तळणं आहेत: कोथिंबीर वडी, अळूवडी, बटाटा भजी, साबुदाणा वडे आणि कुरडया. शिवाय पुऱ्या. घरच्या कढईत एका घाण्याला आठ-नऊ वड्या मावतात, घाण्याला चार-पाच मिनिटं लागतात. माणशी तीन धरल्या तर 36 वड्या, म्हणजे चार घाणे, वीस मिनिटं. चार पदार्थांचं असंच धर आणि वर 60 पुऱ्या. दोन तास तू भिंतीकडे तोंड करून उभा राहणार, आणि बहिणी बाहेरच्या खोलीत तुझी वाट बघत बसणार.

म्हणून एक गोष्ट धरून ठेव: बेल वाजल्यावर कढईत एकच पदार्थ. पुऱ्या हव्या आहेत ना? मग कढई पुऱ्यांची. डाव्या बाजूचं बाकी सगळं बेल वाजायच्या आत तयार पाहिजे.

आता आणखी एक बघ. भाऊबीजेपर्यंत प्रत्येकानं चार दिवस चकली, शेव, चिवडा, करंजी खाल्लेली असते. तेल आणि गोड यांचा कंटाळा आलेला असतो. अशा वेळी डाव्या बाजूनं आंबट, ओलसर, ताजं काहीतरी द्यावं. भजी आणि साबुदाणा वडे काट. साबुदाणा थोडा जरी जास्त भिजला तरी वडा तेलात फुटतो, आणि अरुंद ओट्यापाशी उडणारं तेल मला नको. सुरळीची वडीही काट. ते पीठ गरम असतानाच पसरावं लागतं, अर्धं मिनिट उशीर झाला की गोळा होतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं सणाच्या दिवशी त्या वाटेला जाऊ नये.

कोथिंबीर वडी ठेव, पण ती आदल्या दिवशी उकडायची. कोथिंबीर दोन दिवस आधी आण, दादरला पहाटे गेलास तर जुड्या चांगल्या मिळतील. न धुता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. उकडायच्या दिवशी सकाळी नळाला पाणी असतानाच धू आणि कापडावर पसरून अगदी कोरडी होऊ दे. इथेच सगळे चुकतात. ओल्या कोथिंबिरीला मीठ लागलं की आणखी पाणी सुटतं, मग बेसन वाढवत न्यावं लागतं आणि वडी पिठाळ होते. दाबून भरलेल्या 4 वाट्या चिरलेली कोथिंबीर, 2 वाट्या बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, हळद, चिंचेचा थोडा कोळ, चिमूटभर गूळ. पाण्याचा नुसता हबका मार. तेल लावलेल्या दोन ताटल्यांत थाप आणि 20 मिनिटं वाफव. सुरी टोचून कोरडी आली की झालं. गरम असताना कापू नकोस, भुगा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहू दे, दुसऱ्या दिवशी काप, कडा कशा धारदार येतात बघ. जेवणाच्या अर्धा तास आधी बाहेर काढ. थंडगार वडी टाकली की तेल निवतं आणि वडी ते पिऊन बसते. तव्यावर थोड्या तेलात परत, कढई नको. दहा इंची तव्यावर बारा वड्या मावतात. 24 आल्या-आल्या द्यायला, 12 पानात.

अळूवडी पुढच्या सणाला कर. तेव्हाही काळ्या देठाची वडीची पानंच घे आणि चिंचेत हात आखडू नकोस, नाहीतर घसा खवखवतो.

पाहुणे एकदम येत नाहीत. कुणी कल्याणहून, कुणी विरारहून, सातपासून साडेआठपर्यंत कधीही. त्यांच्यासाठी वाटली डाळ कर, ती निवली तरी छान लागते. 2 वाट्या हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजव, पूर्ण निथळ, पाणी न घालता भरड वाट. अर्धी वाटी तेलाची हिंग-मोहरी-हळद-मिरचीची फोडणी, मग मंद आचेवर झाकण ठेवून परतत राहा. तेलात काटकसर केलीस तर घशाला कोरडी लागेल. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

पंचामृत दोन दिवस आधी कर, मुरल्यावरच त्याला चव येते. त्यात दाणे आधी मऊ शिजव, चिंच मागाहून घाल. आंबट आधी पडलं की दाणे कितीही उकळले तरी टणक राहतात.

कोशिंबीर एकच, खमंग काकडी. बारा जणांना किलोभर काकडी पुरते. दुपारी चोचवून, पिळून, फ्रिजमध्ये ठेव. 1 वाटी दाण्याचं कूट, खोबरं, साखर, लिंबू आणि तुपातली जिरं-मिरचीची फोडणी पानं घेताना घाल. मीठ सगळ्यात शेवटी, नाहीतर वाटीत पाणीच पाणी. दह्याची कोशिंबीर नकोच. या दिवसांत मुंबईचा उकाडा गेलेला नसतो, दही बघता-बघता आंबतं.

चटणी एक पुरे, ओल्या खोबऱ्याची हिरवी. सकाळी वाट आणि लगेच फ्रिजमध्ये ठेव. लिंबू वाढताना पिळ. कुरडया चार वाजता तळून पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भर. कोमट भरल्या तर त्यांच्याच वाफेनं मऊ पडतात.

झाले सहा पदार्थ. तू म्हणशील, काकूंनी सण उणा केला. उणा नाही केला रे. माझे किती सण कढईपाशी गेले! बाहेर कोण काय बोललं, कोण कशावर हसलं, मला ठाऊकच नाही. पान भरगच्च होतं, लोक कौतुक करून गेले, आणि त्यातलं एकही बोलणं मला आठवत नाही, कारण मी तिथे नव्हतेच. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं. तू ऐक. कुणी आग्रह केला, "थोडी भजी टाक ना," तरी नाही म्हण. बेल वाजल्यावर कढईत एकच पदार्थ, आणि तो पुरी.

मसालेभात साडेसहाला उतरवून जाड बुडाच्या पातेल्यातच झाकून ठेव. श्रीखंड विकतचं आण, मला त्याचं काही वाटत नाही.

यादी नव्यानं लिही. प्रत्येक पदार्थापुढे कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या बर्नरवर, तेही लिही. उद्या रात्रीपर्यंत मला पाठव. आणि पातेली मोजून घे, तुझ्याकडे मोठं एकच असेल तर माझं घेऊन जा.

तुझी,
काकू